चारपर्यंत

"काय गो बाय, बरी हायस ना?"

फोनवर हा प्रश्न आला की एरवी मला हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं. मी हॉस्पिटलच्या तळघरात उभी होते. एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर हात, कारण कुणीतरी रेडिओ मोठ्यानं लावला होता आणि सगळा वॉर्ड त्याच्याभोवती गोळा झाला होता.

"बरी आहे, अबू रायद. आधी ऐक. गोळीबार थांबतोय. आज बारा ते चार. आत्ता सांगितलं."

"खरंच?"

"दोन्हीकडच्यांनी मान्य केलंय म्हणतात. नाका उघडणार आहे. मी लीनला आणि उम्म रायदला माझ्या गाडीतून आणते. तू पलीकडे बाराला येऊन थांब. गाडीची सोय होईल ना?"

"भाच्याची व्हॅन आहे. बारा ते चार. चारपर्यंत नक्की?"

"नक्की रे बाबा! रेडिओ लावत नाहीस का?"

"वीज कुठाय, बाय? तीन दिवस झाले. तू सांगतेस तोच आमचा रेडिओ."

आता बरीच वर्षं झाली, पण हे बोलणं मला शब्द न शब्द पाठ आहे. पाठ असून काय उपयोग?

गाझातल्या अरबाच्या तोंडी अलिबागची बोली कशी, ते सांगते. आम्ही झिराडकर. बापू, म्हणजे माझे वडील, मला नऊ वर्षांची असताना झिराडहून इस्रायलला घेऊन आले, गिरणीत कामाला लागले आणि रिटायर झाल्यावर आम्ही गाझाजवळ अश्कलोनला घर घेतलं. त्या घराच्या लाद्या बसवायला अबू रायद आला होता. तेव्हा गाझाची माणसं रोज सकाळी कामाला येत आणि संध्याकाळी परत जात. काम पंधरा दिवसांचं, पण बापूंनी गप्पा मारून मारून दोन महिन्यांचं केलं. त्याचं खरं नाव इब्राहिम; अबू रायद म्हणजे रायदचा बाप. बापूंनी त्याचं 'अबाजी' करून टाकलं. आमच्या बेने इस्रायली लोकांत अब्राहमचा अबाजीच होतो. बापू मला 'बाय' म्हणत, म्हणून तोही 'बाय' म्हणायला लागला. शिव्याही चार-दोन शिकला, त्या सांगत नाही. पुढे नाका बंद झाला, येणंजाणं संपलं, पण फोन राहिला. एरवी आम्ही हिब्रूत बोलायचो, आणि हिब्रूत अहोजाहो नाही. पंतप्रधानालाही अरेतुरेच. म्हणून मी वयानं मोठ्या माणसाला 'तू' म्हणत होते.

त्याची नात लीन सहा वर्षांची. जन्मापासून खुबा निखळलेला. मी मुलांच्या वॉर्डात नर्स, कामापुरती अरबी येते. सहा महिने अर्ज करकरून तिच्या ऑपरेशनचा परवाना मी मिळवून दिला होता. लीनचा बाप रायद वीज खात्यात तारा जोडायचा. तरुण आईबापांना परवाना मिळत नाही, म्हणून पोरीबरोबर आजी आली, उम्म रायद, म्हणजे रायदची आई. ऑपरेशन झक्क झालं. आणि तिसऱ्या दिवशी दोन्हीकडून सुरू झालं. आम्ही वॉर्ड उचलून तळघरात नेला. तिकडची रॉकेटं इकडे पडायची, इकडची विमानं तिकडे जायची, आणि ती आजी कमरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये घातलेल्या नातीजवळ बसून दोन्हींचे आवाज ऐकायची.

परवाना त्याच दिवशी संपत होता. वाढवून मिळेना. पोरगी सुखरूप घरी पोचवायची तर ते चार तास तेवढे हातात होते. मी वॉर्डच्या मुख्य बाईंना सांगून सुट्टी घेतली.

निघताना बापूंना फोन केला.

"शस्त्रसंधी झाली बापू, चार तासांची."

"संधी कसली गो? हफसका म्हण." बापूंचा आवाज त्या वयातही खणखणीत. हिब्रूत गोळीबार थांबण्याला आणि शाळेतल्या मधल्या सुट्टीला एकच शब्द आहे, हफसका. "पोरं डबा खाणार, पाणी पिणार, घंटा झाली की परत वर्गात. अबाजीला सांग, घंटेच्या आत घरात हो म्हणावं."

"सांगते."

गाडीत लीनला मागच्या सीटवर आडवं ठेवलं. तिचं डोकं आजीच्या मांडीवर. रमजान चालू होता, ऑगस्टचं ऊन, उम्म रायदच्या ओठांना चिरा पडलेल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि जीभ चावली.

"माझा रोजा आहे," ती म्हणाली. "हिला पाज."

लीन पाणी प्यायली आणि तिनं विचारलं, "आज बूम होणार नाही?"

"चारपर्यंत नाही," मी म्हटलं.

"टिकेल का ग चारपर्यंत?" हे आजीनं विचारलं, हळूच.

"चार तास तर टिकेल! चार वर्षांचं कुणी विचारलंय?"

ती हसली. मीही हसले. रस्ता सगळा मोकळा होता, बारा वाजून गेले तरी खरोखरच कुठे काही वाजलं नाही, आणि मला एकदम फार बरं वाटायला लागलं. वाटलं, झालं आपलं काम. अशा वेळी माणूस जरा चढतोच.

नाक्यावर चाकाची खुर्ची मिळाली, हमाल मिळाला. लीनचा पाय सरळ राहावा म्हणून मी फळी लावून दिली. उम्म रायदनं माझे दोन्ही गाल धरले, कपाळाला ओठ लावले आणि म्हणाली, "सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापायला येऊ."

"येताना जन्माचा दाखला हवा बरं का. मूळ दाखला. या वेळी झेरॉक्सवर भागलं, पुढच्या वेळी दाखल्याशिवाय परवाना देणार नाहीत. मला ऑफिसात बजावून सांगितलंय."

"दाखला घरात आहे. पण घरचे सगळे आता दिराकडे आहेत ना, शहरात. घर तिकडे शेताच्या कडेला. गोळीबार सुरू झाला तसे सगळं सोडून निघाले."

"मग आज आणून घ्या. आजच काय ती संधी आहे."

हे मीच म्हटलं. कुणी मला विचारलं नव्हतं.

त्या लांबलचक जाळीच्या वाटेनं खुर्ची गेली. मला पुढे जायची परवानगी नव्हती. मी गाडीत बसून राहिले. बारा चाळीसला उम्म रायदचा फोन आला. पलीकडे पोचलो, पण आमचा माणूस आलेला नाही.

"आलेला नाही म्हणजे?"

"नाही. इथे सावली पण नाही."

माझं डोकंच फिरलं. मला उशीर करणाऱ्या माणसांचा मनस्वी राग आहे. आधीपासून आहे. अबू रायदला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. एवढी चार तासांची चैन, त्यातला एक तास या म्हाताऱ्यानं असाच घालवला! ऑपरेशन केलेली पोर उन्हात, उपाशी बायको उन्हात, आणि हा कुठे उलथलाय? मी गाडीत एकटीच मराठीतून बडबडत होते. बाहेर उभी असलेली पहाऱ्यावरची पोरगी माझ्याकडे बघायला लागली.

एक वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन आला.

"आलो, बाय. दोघी भेटल्या. लीन हसतेय बघ."

"हसतेय? किती वाजलेत? तुला बाराला यायला सांगितलं होतं ना मी?"

"मी वेळेवरच आलो की ग, मी तर..."

"वेळेवर म्हणे! बापूंनी तुला अलिबागची वेळ शिकवलेली दिसते. तास झाला ती पोर उन्हात आहे. आता तिथे गप्पा मारत बसू नकोस. आधी त्यांना घरी पोचव."

त्याला मी बोलूच दिलं नाही. माझा स्वभाव. नवरा होता तेव्हा तोही म्हणायचा, तुझ्या वाक्याला पूर्णविराम नसतो, समोरच्यानं बोलायचं कधी?

अबू रायद कधी चिडत नसे. हसला नुसता. म्हणाला, "बरं बाई, चुकलो. यांना सोडतो आणि मग घरी जाऊन दाखला आणतो. हिनं सांगितलं आत्ता."

"आण. पण चारच्या आत परत फीर."

"चारच्या आत. बापूंना सलाम सांग."

मी परत निघाले. घरी येऊन अंघोळ केली. किती दिवसांनी दार उघडं टाकून, कान न टवकारता अंघोळ केली. भात टाकला, मासळीचं कालवण केलं. बापूंना वाढलं. ते जेवता जेवता एकदा म्हणाले, "शांत आहे गो," आणि पुन्हा भात घेतला. जेवणावर मी तासभर झोपले सुद्धा.

चार वाजून सात-आठ मिनिटांनी भोंगा झाला. आम्ही जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. आमच्या जुन्या इमारतीत तेवढीच एक जागा होती, तीन बाजूंनी भिंती असलेली. बापूंसाठी तिथे खुर्ची कायमची ठेवली होती.

"झाली घंटा," बापू म्हणाले. दोन धमाके ऐकू आले, लांबून. मग आमच्याकडून तिकडे गेलेले, त्यांचा आवाज वेगळा असतो, जमिनीतून येतो. ते बराच वेळ चालू होते. मी तेव्हा निश्चिंत होते. अबू रायद घरात असणार, चारच्या आत ये म्हणून मी सांगितलंच होतं. मी बापूंना दुपारची हकिकत सांगायला लागले. कसा तासभर उशीर केला, मी कसं झापलं, सगळं तिखटमीठ लावून.

बापू ऐकत होते. एकदम त्यांनी काठी आपटली.

"थांब. किती वाजता आला म्हणालीस?"

"एकला. बाराला ये म्हटलं तर एकला."

"बरोब्बर एकला?"

"एक वाजून पाच मिनिटांनी."

बापूंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"हदासा," ते म्हणाले. मला ते कधी नावानं हाक मारत नाहीत. "तू त्याला कुठले बारा सांगितलेस? आपले की त्यांचे?"

रमजान सुरू झाला तेव्हा गाझातल्या लोकांनी घड्याळं एक तास मागे घेतली होती. रोजा सोडायची वेळ घड्याळात तेवढीच लवकर यावी म्हणून. आमच्याकडे घड्याळं होती तशीच होती. आमचे बारा म्हणजे त्यांचे अकरा. हे काही गुपित नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर पक्कं ठाऊक होतं, कारण तीन आठवडे मी रोज त्याला फोन करत होते, डॉक्टर किती वाजता येणार, ऑपरेशन किती वाजता, आणि प्रत्येक वेळी मनात एक तास वजा करून त्यांचीच वेळ सांगत होते. म्हाताऱ्याला उगाच हिशेब नको म्हणून. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं होतं, तू विचारत बसू नकोस, मी सांगेन ती वेळ तुमचीच समज.

आणि त्या दिवशी रेडिओवर ऐकलं ते तसंच्या तसं सांगितलं. बारा ते चार. आनंदाच्या भरात.

घड्याळात पाचला वीस कमी होते. त्याच्या घड्याळात पावणेचारही झाले नव्हते. तो अजून बाहेर असणार. मी फोन लावला. लागेना. लावत राहिले. जिन्यातून उठून बाहेर अंगणात गेले, तिथे रेंज बरी मिळते म्हणून. वर आकाशात पांढऱ्या रेघा, बापू आतून ओरडताहेत, "आत ये गो, आत ये!" आणि मी अंगणात उभी राहून तोच नंबर लावतेय. उम्म रायदचा लावला. तोही लागला नाही.

रात्र कशी गेली ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अबू रायदचा. माझा जीव भांड्यात पडला. मी 'हॅलो' सुद्धा म्हटलं नाही, सरळ म्हटलं, "अरे मेल्या, किती घाबरवलंस!"

"खाला, मी रायद."

रायद मला खाला म्हणायचा, मावशी. त्याचा आवाज अगदी सपाट होता.

"अब्बा गेले," तो म्हणाला. "काल. घरातून दाखला घेऊन निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी गोळा पडला. दाखला खिशात होता, तो चांगला आहे."

मी, जी कुणाला बोलू देत नाही, त्याला मधे तोडलं नाही.

"खाला, ऐकतेस ना? मला एक विचारायचंय. अब्बा गेले तेव्हा सव्वातीन वाजले होते. शेजाऱ्यानं घड्याळ बघितलं. सव्वातीन. चारला पाऊण तास होता. काका म्हणतात, वेळ इस्रायलची असणार, इब्राहिमचा तास चुकला. मी म्हटलं, शक्य नाही. हदासाखाला नेहमी आमचीच वेळ सांगते, अब्बांनीच मला सांगितलं होतं. काकांचं आणि माझं भांडण झालं यावरून." तो थांबला. "तू आमचीच वेळ सांगितली होतीस ना?"

बापू समोर बसले होते. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

खरं सांगायला किती लागतं? 'नाही रे, चुकले' एवढंच. मी मनातल्या मनात म्हटलं की हे ऐकून त्या पोराला काय मिळणार? बाप एका बाईच्या विसरण्यानं गेला, हे ऐकण्यापेक्षा काहीही बरं. असं मी म्हटलं. आज मला माहीत आहे, मी त्याचा विचार करत नव्हते. मला उम्म रायद दिसत होती, माझे गाल धरून उभी राहिलेली. तिच्या नजरेत मी जी होते ती मला राहायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "तुमचीच."

"म्हणजे चारच्या आधी मारलं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"शब्द दिला आणि पाऊण तास आधी मोडला. बरं, खाला. एवढंच हवं होतं."

त्यानं फोन ठेवला. बापूंना मी सांगितलं की अबाजी गेला. त्यांनी टोपी सरळ केली आणि तोंडातल्या तोंडात आमची मयताची प्रार्थना म्हणायला लागले. त्यांच्या अबाजीसाठी. त्या दिवसानंतर वारेपर्यंत त्यांनी मला कधी विचारलं नाही की रायदला मी काय सांगितलं.

पंधरा दिवसांनी खरी शस्त्रसंधी झाली. संपायची तारीख-वेळ न घालता, दोन्हीकडच्या मोठ्या लोकांनी कागद करून. आमच्या गल्लीत लोकांनी खुर्च्या बाहेर टाकल्या. जो तो एकच विचारत होता, या वेळी टिकेल का? कुणी म्हणे महिना, कुणी म्हणे वर्ष. मला विचारलं तर मी आत निघून जायची.

मग आणखी दोन महिन्यांनी एका दुपारी उम्म रायदचा फोन आला. माझी अरबी कामापुरतीच, म्हणून तिनं एकेक सोपा शब्द शोधून शोधून सांगितलं. रायदनं वीज खात्याचं काम सोडलंय. घरी जेवत नाही. दारात नवीन माणसं येतात, तो त्यांच्याबरोबर जातो. काका समजावतात तर म्हणतो, यांच्याशी तह कसला करता, यांनी माझ्या बापाला तहात मारलं, मी स्वतः विचारून खात्री केली आहे.

"तू त्याच्याशी बोल," ती म्हणाली. "तो आमचं कुणाचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. त्याला सांग, तह खरा असतो. एवढंच सांग. माझा एकच मुलगा आहे, हदासा."

"सांगते," मी म्हटलं.

तिनं रायदचा नंबर दिला. मी तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला. दोन दिवस कॅलेंडरकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बापू बाहेर गेल्यावर फोन लावला. चटकन उचलला त्यानं.

"बोल, खाला."

"लीन कशी आहे रे?"

"प्लॅस्टर इथेच कापलं. चालते आता."

"लंगडत नाही ना?"

"नाही. सरळ चालते."

"छान," मी म्हटलं. "छान झालं."

तो वाट बघत होता. मागे रस्त्यावरचा आवाज येत होता, कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"आणखी काही, खाला?"

"नाही रे," मी म्हटलं. "एवढंच विचारायचं होतं."